मिठाच्या पिवळ्या ज्योतीमागचे चार आकडे

गॅसवर डाळ उकळत असते, मीठ घालून झालेलं असतं, आणि जरा पाठ फिरली की पाणी उतू जातं. बर्नरची निळी ज्योत त्याच क्षणी पिवळीधमक होते. पातेलं उतरवण्याच्या घाईत त्या रंगाकडे कोण बघतो? पण ओट्यावरचं काम आवरलं की एक चिमूट मीठ मुद्दाम ज्योतीत टाकून बघा. मीठ समुद्राचं असो की सैंधव, पिवळा तोच. रस्त्यांवर एलईडी येण्याआधी जे पिवळे दिवे होते, त्यांच्या रंगाचं मूळही तेच. या पिवळ्याची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर असते. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश.) पंधरा-वीस नॅनोमीटर इकडे नाही की तिकडे नाही.

हा रंग सोडियमचा. ज्योतीच्या उष्णतेत मिठाची वाफ होते आणि तिच्यातून सोडियमचे सुटे अणू बाहेर पडतात. जर्मनीत हायडेलबर्गला किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिलं, की प्रत्येक मूलद्रव्याच्या तापलेल्या वाफेतून ठरावीक रंगांच्याच रेषा बाहेर पडतात आणि त्यांवरून मूलद्रव्य ओळखता येतं. फटाक्यातला लाल रंग स्ट्रॉन्शियममुळे आणि हिरवा बेरियममुळे येतो, तोही याच न्यायाने.

पण सोडियमला नेमका हाच पिवळा का मिळाला? याचं उत्तर त्याच्या अकरा इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे, आणि ती मांडणी सांगायला चार आकडे लागतात. विज्ञान शाखेची मुलं अकरावीत ते ‘चार क्वांटम क्रमांक’ म्हणून पाठ करतात. माझं मत असं, की ते उलट्या बाजूने शिकवले जातात. आधी नियम, मग कोष्टक, आणि प्रकाश राहूनच जातो. प्रत्यक्षात यांतला एकही आकडा कुणाला आपोआप सुचलेला नाही. वर्णपटातली एखादी रेषा हिशेबात बसेना, म्हणून एकेक आकडा घ्यावा लागला. सोडियमच्या या एका रेषेचा माग काढला तरी चारही आकडे हाती लागतात.

पहिला आकडा: किती ऊर्जेला इलेक्ट्रॉन सुटेल

सर्वांत साधा अणू हायड्रोजनचा: एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. १९१३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी मांडलं, की या इलेक्ट्रॉनला वाटेल ती ऊर्जा घेता येत नाही. त्याच्यासाठी ठरावीक पातळ्याच मोकळ्या आहेत. पहिल्या पातळीवरच्या इलेक्ट्रॉनला अणूतून सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. (एका इलेक्ट्रॉनला एक व्होल्टच्या फरकातून नेलं की जेवढी ऊर्जा मिळते, तेवढं हे माप.) दुसऱ्या पातळीवर १३.६ भागिले ४, म्हणजे ३.४. तिसऱ्या पातळीवर १३.६ भागिले ९, म्हणजे १.५१. पातळीचा हा क्रमांक म्हणजे मुख्य क्वांटम क्रमांक. त्याचं चिन्ह ‘एन’ आणि किमती १, २, ३... अशा. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येताना इलेक्ट्रॉन दोहोंतल्या फरकाएवढी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने टाकतो. जितका फरक, तसा रंग.

बोर यांच्या चित्रात इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती गोल कक्षेत फिरत होता. शाळेच्या फळ्यावर आणि विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर तो अजूनही तसाच फिरतो. पण ते चित्र १९२६ मध्येच मागे पडलं. श्रोडिंगर यांच्या समीकरणात इलेक्ट्रॉनचं वर्णन लाटेसारखं आहे आणि अणूत कोंडलेल्या लाटेला ठरावीक आकारच घेता येतात. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच हे आकार सांगतात. त्यांना कक्षा न म्हणता ऑर्बिटल म्हणतात. इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने जातो, हा प्रश्नच तिथे उरत नाही. पातळ्या मात्र राहिल्या आणि ‘एन’ही राहिला.

दुसरा आकडा: कोण आतपर्यंत पोचतं

आता सोडियम. केंद्रकात ११ प्रोटॉन, बाहेर ११ इलेक्ट्रॉन. पहिल्या दहांनी पहिल्या दोन पातळ्या पूर्ण भरल्या आहेत. त्या दहांतच का भरतात, ते पुढे येईल. उरलेला एकटा तिसऱ्या पातळीवर. त्याला सोडवायला ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. तो गेल्यावर दुसरा काढू म्हटलं तर ४७.३ लागतात, जवळजवळ नऊपट. म्हणून रसायनशास्त्रात सोडियम एक इलेक्ट्रॉन सहज देतो, दुसरा देतच नाही. मिठात क्लोरीनला त्याने दिलेला तो हाच एक.

पण ५.१४ हा आकडा जरा खटकायला हवा. केंद्रकाचा भार +११. आतल्या दहा इलेक्ट्रॉनांचा ऋण भार त्यातले दहा झाकून टाकतो. अकराव्याला बाहेरून दिसायला हवा फक्त +१, म्हणजे हायड्रोजनमध्ये असतो तेवढाच. मग तिसऱ्या पातळीवरून सुटायला हायड्रोजनच्या तिसऱ्या पातळीएवढे १.५१ पुरायला हवेत. लागतात मात्र तिपटीहून जास्त. असं का?

कारण अकरावा इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर राहतच नाही. त्याच्या लाटेचा काही भाग आतल्या दहांच्या ढगात शिरलेला असतो. तिथे झाकण विरळ, केंद्रकाची ओढ जबर. जितका भाग आत, तितकी पकड घट्ट. आणि किती भाग आत जाणार, हे लाटेच्या आकारावर ठरतं.

हा आकार सांगणारा आकडा म्हणजे दुसरा क्वांटम क्रमांक, ‘एल’. इलेक्ट्रॉनच्या गतीत केंद्रकाभोवतीचा फेर किती, म्हणजे भौतिकशास्त्राच्या भाषेत कोनीय संवेग किती, ते तो सांगतो. त्याची किंमत शून्यापासून ‘एन’पेक्षा एक कमी इथपर्यंत. तिसऱ्या पातळीवर ०, १ आणि २ अशा तीन शक्यता. यांना अनुक्रमे एस, पी, डी अशी अक्षरं आहेत आणि त्यापुढे एफ. ही अक्षरं जुन्या वर्णपट-अभ्यासकांनी रेषांना दिलेल्या शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज, फंडामेंटल या नावांची आद्याक्षरं. त्यांत आज काही अर्थ शोधायला जाऊ नये.

‘एल’ शून्य असेल तर फेर नाही. अशा एस ऑर्बिटलचा ढग गोल असतो आणि थेट केंद्रकावरही त्याची घनता शून्य नसते. ‘एल’ १ झाला, की फेरामुळे इलेक्ट्रॉन मध्यापासून दूर ढकलला जातो. पी ऑर्बिटल डमरूच्या आकाराचं, मध्ये मोकळं. डी त्याहून बाहेरचं. आता सोडियमच्या अकराव्या इलेक्ट्रॉनला तिसऱ्या पातळीवरच्या या तिन्ही जागांवरून सोडवायला किती ऊर्जा लागते, ते पाहा:

३एस: ५.१४
३पी: ३.०४
३डी: १.५२

शेवटचा आकडा हायड्रोजनच्या १.५१ ला जाऊन टेकला आहे. डी मधला इलेक्ट्रॉन आत जवळपास शिरतच नाही, त्याला खरोखर +१ च दिसतो. पी थोडा शिरतो, एस सर्वांत जास्त. या विषयात मला सर्वांत आवडणारे तीन आकडे हेच. एवढी अवघड वाटणारी गोष्ट त्यांत उघडी पडते.

आणि ५.१४ वजा ३.०४ म्हणजे २.१०. ज्योतीची उष्णता अकराव्या इलेक्ट्रॉनला ३एस मधून ३पी मध्ये उचलते. तिथे तो सरासरी सोळा अब्जांश सेकंद टिकतो, मग खाली येतो आणि २.१० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकाश टाकतो. त्या प्रकाशाची तरंगलांबी काढली तर ५८९ नॅनोमीटर येते. स्वयंपाकघरातला पिवळा तो हाच. हायड्रोजनमध्ये झाकायला दुसरा इलेक्ट्रॉनच नाही, त्यामुळे तिथे ३एस आणि ३पी जवळजवळ एकाच उंचीवर असतात आणि त्यांच्यात असा प्रकाश निघत नाही. आतले दहा इलेक्ट्रॉन स्वतः जागचे हलत नाहीत, तरी हा रंग त्यांच्यामुळेच ठरतो.

इथे थोडं विषयांतर. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात भारतातून निरीक्षण करणाऱ्यांना सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली. आधी ती सोडियमचीच वाटली. नंतर कळलं, की ती थोडी बाजूला आहे, ५८७.५ नॅनोमीटरवर. जागा वेगळी म्हणजे इलेक्ट्रॉनांची मांडणी वेगळी, म्हणजे मूलद्रव्यच वेगळं. तेच हेलियम. आपल्याकडे हा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावर नॉर्मन लॉकयर यांनी लावल्याचं हौसेने सांगतात. लॉकयर यांनी १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये ती रेषा पाहिली ती इंग्लंडमधून. विजयदुर्गला ते खरोखर आले होते, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी.

तिसरा आकडा: चुंबकाजवळ नेल्यावर

पी ऑर्बिटलचा डमरू कुठल्या दिशेला तोंड करून असेल? दिशा तीन मिळतात. डी साठी पाच, एफ साठी सात, एस गोल असल्याने एकच. ही दिशा सांगणारा तिसरा आकडा म्हणजे चुंबकीय क्वांटम क्रमांक, ‘एम’. पी साठी त्याच्या किमती -१, ०, +१.

एरवी तिन्ही दिशांना ऊर्जा सारखीच, म्हणून हा आकडा लपलेला राहतो. चुंबक जवळ आणला की फरक पडतो. १८९६ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला पीटर झेमान यांनी मीठ लावलेली ज्योत एका जोरदार विद्युतचुंबकाच्या टोकांमध्ये धरली. सोडियमची पिवळी रेषा रुंद झाली. पुढच्या अभ्यासात अशा रेषा फुटून वेगळ्या झालेल्या दिसल्या. त्यांचे ज्येष्ठ सहकारी लोरेंट्झ यांच्या सिद्धांताप्रमाणे एका रेषेच्या तीन व्हायला हव्यात, आणि काही मूलद्रव्यांत तशा होतातही. दोघांना १९०२ चं नोबेल मिळालं.

गंमत अशी, की ज्या सोडियमवर हा प्रयोग झाला, तेच सिद्धांताला जुमानत नव्हतं. चांगल्या उपकरणातून पाहिलं तर सोडियमची पिवळी रेषा मुळात एक नाहीच. दोन आहेत: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. चुंबकाजवळ नेल्यावर त्यातल्या एकीच्या चार होतात आणि दुसरीच्या सहा. तीन कुणाच्याच नाहीत. पंचवीसहून अधिक वर्षं या चार आणि सहाचा उलगडा झाला नाही. वोल्फगांग पाउली यांनी पुढे लिहिलं आहे, की त्या काळात ते याच प्रश्नाने पछाडलेले होते आणि त्यांचा पडलेला चेहरा लोकांच्या लक्षात येत असे.

चौथा आकडा: दोनच किमती

१९२५ च्या सुरुवातीला, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पाउली यांनी सांगितलं: इलेक्ट्रॉनला आणखी एक गुण आहे, त्याच्या किमती फक्त दोन, आणि नेहमीच्या जगात त्याला जोड नाही. त्याच वर्षाच्या शरदात लायडनमधल्या ऊलेनबेक आणि खाउडस्मिट या दोन तरुणांनी त्याला रूप दिलं. इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो आणि म्हणून तो एक छोटा चुंबकही आहे, असं ते म्हणाले. लोरेंट्झ यांनी हिशेब करून दाखवलं, की इलेक्ट्रॉन चेंडूसारखा फिरत असेल तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा वेगाने धावायला हवा, आणि ते अशक्य. दोघे घाबरले, लेख मागे घेऊ या म्हणाले. त्यांचे गुरू एरनफेस्ट यांनी तो आधीच पाठवून दिला होता. नशीबच म्हणायचं.

या गुणाला स्पिन म्हणतात. मराठी पुस्तकांत परिवलन हा शब्दही आढळतो. लोरेंट्झ यांची हरकत बरोबर होती: इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगरत नसतो. पण स्पिन आहे, त्याचा चुंबकी परिणाम मोजता येतो, आणि त्याच्या किमती +१/२ आणि -१/२ या दोनच. सोडियमच्या दोन रेषा त्यातून सुटतात. ३पी मधल्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाभोवती फेर असतो, त्यामुळे त्याच्या जागी चुंबकी क्षेत्र तयार होतं. स्पिन त्या फेराच्या बाजूने असेल तर एक ऊर्जा, विरुद्ध असेल तर किंचित दुसरी. फरक अवघा हजारात एक भाग, म्हणून ५८९.० आणि ५८९.६. झेमान यांच्या चार आणि सहा रेषांचा हिशेबही स्पिन धरल्यावर जुळला.

> चौकट: चार क्वांटम क्रमांक
> मुख्य (एन): पातळी. किमती १, २, ३...
> कोनीय (एल): ढगाचा आकार. ० पासून (एन - १) पर्यंत. ० = एस, १ = पी, २ = डी, ३ = एफ.
> चुंबकीय (एम): ढगाची दिशा. -एल पासून +एल पर्यंत.
> स्पिन: +१/२ किंवा -१/२.
> पातळीतल्या एकूण जागा: २ × एन × एन, म्हणजे २, ८, १८, ३२.

एका जागी एकच

चौथा आकडा मांडतानाच पाउली यांनी एक बंधन घातलं. एका अणूतल्या कुठल्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही क्रमांक सारखे असू शकत नाहीत. याला पाउलींचं विवर्जन तत्त्व म्हणतात. सोडियमच्या पहिल्या दोन पातळ्या दहांतच का भरतात, ते आता मोजता येतं. पहिल्या पातळीवर एस ची एक दिशा आणि स्पिन दोन, म्हणून २ जागा. दुसऱ्या पातळीवर एस ची एक आणि पी च्या तीन, म्हणजे चार दिशा गुणिले दोन, ८ जागा. दोन आणि आठ मिळून दहा. अकराव्याला तिसऱ्या पातळीवर जावंच लागतं.

भरताना आणखी एक रीत पाळली जाते. तालुक्याच्या स्टँडवर रिकामी एसटी लागली, की पहिले प्रवासी एकेका बाकावर एकेकटे बसतात. सगळ्या बाकांवर एकेक जण झाला की मगच नवा माणूस कुणाच्या शेजारी टेकतो. इलेक्ट्रॉनही तसेच. नायट्रोजनचे दुसऱ्या पातळीवरचे तीन पी इलेक्ट्रॉन तीन वेगवेगळ्या दिशांत एकेकटे असतात, तिघांचे स्पिन एकाच बाजूला. ऑक्सिजनच्या चौथ्याला मात्र कुणाच्या तरी शेजारी बसणं भाग असतं, आणि तेही उलट्या स्पिनने. दोन ऋण भार एवढे जवळ आले की एकमेकांना ढकलणारच. याचा पुरावा मोजमापात दिसतो. नायट्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला १४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तर केंद्रकात एक प्रोटॉन जास्त असूनही ऑक्सिजनला १३.६ च पुरतात. ही रीत हुंड यांच्या नावाने ओळखली जाते.

एसटीत मात्र दोघांच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणत तिसरा बसतो. अणूत हे कधीच होत नाही.

पोटॅशियमची अडचण

नववीत शिकताना चाणाक्ष मुलं हमखास एक प्रश्न विचारतात. तिसऱ्या कवचात, म्हणजे तिसऱ्या पातळीत, १८ जागा आहेत ना? मग पोटॅशियमचं संरूपण, म्हणजे इलेक्ट्रॉनांची मांडणी, २, ८, ९ असं न लिहिता २, ८, ८, १ असं का? ‘शेवटच्या कवचात आठच’ असं उत्तर मिळतं, आणि ते उत्तर नव्हे.

खरं उत्तर आपण सोडियममध्ये पाहिलेलंच आहे. एस आत शिरतो, डी शिरत नाही. सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन चौथ्या पातळीच्या एस मध्ये उचलला तर सोडवायला १.९५ लागतात, तिसऱ्या पातळीच्या डी मध्ये १.५२. म्हणजे चौथ्या पातळीतला एस तिसऱ्यातल्या डी पेक्षा घट्ट धरलेला आहे. पोटॅशियममध्येही तेच, म्हणून एकोणिसावा इलेक्ट्रॉन ४एस मध्ये जातो, विसावा कॅल्शियममध्ये त्याच्या जोडीला, आणि त्यानंतर स्कँडियमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्यांत ३डी भरत जातो. लोखंड, निकेल, तांबं ही सगळी त्याच दहांत येतात. लोखंडाच्या अणूत डी च्या पाच दिशांत सहा इलेक्ट्रॉन, म्हणजे चार एकटे, आणि लोखंडाच्या चुंबकत्वाचं मूळ या एकट्यांच्या स्पिनमध्ये आहे.

कुठलं ऑर्बिटल आधी भरेल हे सांगायला ‘एन’ आणि ‘एल’ची बेरीज करायची सोय आहे: बेरीज कमी ते आधी, सारखी असेल तर लहान ‘एन’ आधी. ती सोयच आहे, निसर्गाचा कायदा नाही. क्रोमियम आणि तांबं यांच्यात ४एस मध्ये एकच इलेक्ट्रॉन राहतो, कारण तिथे दोन्ही ऑर्बिटलांच्या ऊर्जा अगदी जवळ येतात आणि इलेक्ट्रॉनांमधली ढकलाढकल निकाल फिरवते. शिवाय लोखंडाचा आयन होताना आधी ४एस चेच इलेक्ट्रॉन जातात. आधी आलेला आधी जातो, हे विद्यार्थ्यांना पटत नाही. पण केंद्रकाचा भार वाढत गेला की ३डी खाली सरकतो आणि ४एस बाहेरचा उरतो.

मेंडेलिव्ह यांनी १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीत नव्हता, तो सापडला १८९७ मध्ये. तरी आजच्या सारणीच्या ओळींची लांबी पाहा: २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. एस च्या दोन जागा, पी च्या सहा, डी च्या दहा आणि एफ च्या चौदा यांच्या बेरजांनीच ती ठरते. सगळ्या ओळी मिळून ११८ होतात. ११८ वं ओगॅनेसॉन सातव्या ओळीच्या टोकाला आहे आणि त्याच्याबरोबर ती ओळ भरली. ११९ वं मूलद्रव्य अजून कुणाला बनवता आलेलं नाही. ते बनलं, तर त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन ८एस मध्ये असेल आणि त्याची जागा सोडियम-पोटॅशियमच्याच उभ्या रांगेत असेल, अशी अपेक्षा आहे.